घरीं बांधलेल्या विमानाचा रंग

(१)

पेणहून दक्षिणेकडे जाणारा महामार्ग वडखळ आणि डोलवी मागें टाकून गडब गांवाशीं येतो. खाडीच्या पाण्यास बांध घालून राखलेली खारजमीन, पलीकडे डोंगर, आणि मधून मुंबई व कोकण यांच्या दरम्यान रात्रंदिवस धांवणारीं वाहनें, असें या भागाचें चित्र आहे. परंतु या तालुक्याची खरी ख्याति भातासाठीं नाहीं व रस्त्यासाठींही नाहीं. ती रंगासाठीं आहे. पेण शहर आणि हमरापूर, जोहे यांसारखीं त्याच्या आसपासचीं गांवें हीं गणेशमूर्तींचीं माहेरघरें होत. तेथील कारखान्यांत मूर्ति साच्यांतून निघते, वाळते, कांचकागदानें घासली जाते, पांढऱ्या रंगाचें अस्तर अंगावर घेते; मग अंगकांति, पीतांबर, दागिने असे एकामागून एक रंगाचे हात तिच्यावर चढतात. सर्वांत शेवटीं डोळ्यांची आखणी. हें काम ज्याचा हात बसलेला आहे त्यानेंच करावयाचें. आखणी होईपर्यंत समोर असते ती माती; आखणी झाल्यावर पाहणाऱ्याचे हात आपोआप जोडले जातात.

शेवटच्या हातानें वस्तूस तिचें खरें रूप यावें, असा आणखी एक उद्योग जगांत आहे, आणि तो म्हणजे घरच्या घरीं विमान बांधण्याचा. याच रायगड जिल्ह्यांत, पनवेलनजीक, ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं नव्या विमानतळाचें उद्घाटन झालें. तेव्हां विमान ही वस्तु आतां या टापूस अपूर्वाईची राहिलेली नाहीं. पण मोठ्या कंपन्यांचीं विमानें निराळीं आणि एखाद्या मनुष्यानें पदरचा पैसा व रात्रीचा वेळ घालून आपल्या पडवींत किंवा गच्चीवर उभें केलेलें विमान निराळें. असा मनुष्य पांच-सात वर्षें खपतो, सांगाडा उभा करतो, इंजिन बसवितो, आणि अखेरीस हातांत रंगाचा डबा घेतो. पाहणारे समजतात, काम संपलें. आतां काय तें नटविणें उरलें. हा समज चुकीचा आहे. विमानाच्या इतिहासांत रंग हा दागिना म्हणून आलाच नाहीं. तो अवयव म्हणून आला. पुढें त्यास आणखी एक पदवी मिळाली, ती साक्षीदाराची. या दोन्ही गोष्टी थोड्या विस्तारानें सांगण्याचा येथें विचार आहे.

(२)

१७ डिसेंबर १९०३ रोजीं ऑर्व्हिल व विल्बर राइट या बंधूंनीं ज्या यंत्रांतून उड्डाण केलें, त्याच्या पंखांस रंग नव्हता. बाजारांत स्त्रियांच्या अंतर्वस्त्रांसाठीं विकली जाणारी साधी कोरी मलमल त्यांनीं आणली, ती तिरप्या वाणानें बेतून घरच्या शिवणयंत्रावर शिवली, आणि लांकडी फांसळ्यांवर ओढून बसविली. पहिलें उड्डाण १२ सेकंदांचें होतें. तेवढ्या वेळापुरती मलमल पुरेशी होती. परंतु उघड्या कापडाचे दोन दोष लवकरच सर्वांच्या ध्यानांत आले. एक, त्याच्या छिद्रांतून वारा आरपार जातो व पंखाचा उचलण्याचा जोर कमी होतो. दुसरा, दमट हवेंत तें सैल पडतें, कोरड्या हवेंत आवळतें, आणि मग पंखाचा आकार कापड ठरवितें, बांधणारा नव्हे.

यावर ज्यानें त्यानें आपापल्या अकलेप्रमाणें उपाय शोधला. अमेरिकेंत ग्लेन कर्टिस, ग्रॅहॅम बेल प्रभृति मंडळींनीं १९०८ सालीं 'जून बग' नांवाचें विमान तयार केलें. त्याच्या पंखांस टर्पेंटाइन, मेण व पेट्रोल यांचें मिश्रण, त्यांत पिवळी माती घालून, चोपडण्यांत आलें. ४ जुलै १९०८ रोजीं हें विमान जाहीर केलेल्या वेळीं, लोकांच्या डोळ्यांदेखत, एक किलोमीटरहून अधिक उडालें. विमानावर चढलेला आरंभींचा रंग असा होता. आणि तो शोभेसाठीं नव्हता, कापडाचीं छिद्रें बुजविण्यासाठीं होता.

पुढील दोन-चार वर्षांत याहून फार चांगला पदार्थ हातीं आला. कापसाच्या तंतूवर अम्लांची क्रिया करून तो एखाद्या द्रवांत विरघळविला म्हणजे एक घट्ट रोगण तयार होतें. त्यास 'डोप' असें नांव पडलें. या रोगणाचा गुण असा कीं, वाळतांना तें आक्रसतें व आपल्याबरोबर कापडासही ओढून घेतें. तीन-चार हात दिल्यावर पंखावर टिचकी मारावी तों तबल्याच्या पुडीसारखा नाद यावा. पंखाचा ताठपणा, त्याची गोलाई, त्याचें पाण्यापासून रक्षण, हें सर्व या रोगणावर अवलंबून राहूं लागलें. सांगाडा सुताराचा खरा, पण पंखाचा आकार राखणें रोगण देणाराच्या हातीं आलें.

या कलेनें आपली किंमत मनुष्यांच्या जिवांतही घेतली आहे. पहिल्या महायुद्धांत इंग्लंडमधील कारखान्यांतून शेंकडों स्त्रिया कुंचले घेऊन पंखांस रोगण देण्याच्या कामीं लागल्या. रोगण पातळ ठेवण्याकरितां त्यांत टेट्राक्लोरोइथेन नांवाचा द्रव घालीत. त्याचा वास गोडसर, म्हणून तो निरुपद्रवी वाटे. १९१४ पासून या कामकऱ्यांत कावीळ दिसूं लागली, आणि ती साधी नव्हती. यकृत नासून कित्येकजण दगावले. १९१६ सालीं अशी कावीळ सरकारास कळविणें कारखानदारांवर बंधनकारक झालें आणि त्याच सुमारास तो द्रवही वर्ज्य ठरला. युद्धाच्या इतिहासांत वैमानिकांचीं नांवें आहेत. ज्या बायकांच्या हातांनीं त्यांचे पंख ताठ राहिले त्यांचीं नांवें शोधावीं लागतात.

रंगद्रव्यें रोगणांत मिसळण्याचें कारणही असेंच रोकडें होतें. नुसतें पारदर्शक रोगण दिलेलें कापड उन्हांत ठेवलें तर कांहीं महिन्यांत कुजल्यासारखें होतें. सूर्याचे अतिनील किरण त्याचे धागे आंतून तोडतात. म्हणून १९१६ च्या सुमारास इंग्रजांनीं लोहाचें गेरूसारखें भस्म व काजळी घालून एक मळकट हिरवट-तपकिरी रोगण काढलें आणि तें पंखांच्या वरच्या अंगास दिलें. शत्रूपासून लपणें हा त्याचा एक उपयोग, आणि उन्हापासून कापड वांचविणें हा दुसरा. युद्धानंतर काजळीची जागा अॅल्युमिनियमच्या चूर्णानें घेतली. जुन्या छायाचित्रांत जीं रुपेरी विमानें दिसतात, त्यांची झळाळी पुष्कळदां धातूची नव्हे. ती कापडावरील या चूर्णाची आहे. उन्हास परतविण्यासाठीं पंखास जणूं कल्हईच केलेली.

आपल्याकडील हवाई टपालाचा आरंभही अशाच कापडी यंत्रावर झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून निघून मुंबईस जुहूच्या मैदानावर उतरले. त्यांचें 'पस मॉथ' विमान पोलादी नळ्या, लांकूड व रोगण दिलेलें कापड यांचेंच होतें. स्वातंत्र्यानंतर कोल्हापूरकडील डॉ. विष्णु माधव घाटगे यांनीं बंगलोरच्या सरकारी कारखान्यांत विमानांची रचना हातीं घेतली. गटिंगेन येथें प्रांड्ट्लसारख्या गुरूपाशीं त्यांचें अध्ययन झालें होतें. १९५१ सालीं त्यांचें 'एच. टी. २' हें शिकाऊ वैमानिकांसाठींचें विमान उडालें, आणि १९५८ सालीं 'पुष्पक' हें दोन आसनांचें लहान विमान. पुराणांतलें पुष्पक सोन्याचें व रत्नांचें. हें पुष्पक नळ्यांवर ताणलेल्या कापडाचें. देशांतील उड्डाणसंस्थांतून कित्येक तरुण त्यावर विद्या शिकले.

(३)

विमान कारखान्यांतच व्हावें असा कांहीं नियम आरंभीं नव्हता. आरंभीचीं सारींच विमानें एका अर्थानें घरचीं होतीं. पुढें कारखाने वाढले तेव्हां घरचें विमान हा छंद मानला जाऊं लागला. १९३४ सालीं फ्रान्समध्यें आंरी मिन्ये या गृहस्थानें सामान्य माणसास स्वतः विमान कसें बांधतां येईल याचें पुस्तक लिहिलें आणि युरोपांत घरोघर त्याच्या 'आकाशांतल्या उवे'चे सांगाडे उभे राहिले. पुढें त्या रचनेंतील एका दोषामुळें अपघात होऊन तिजवर कित्येक देशांत बंदी आली. १९५३ सालीं अमेरिकेंत पॉल पॉबेरेझ्नी यानें अशा बांधणारांचा एक संघ स्थापला, आणि तेव्हांपासून या उद्योगास शिस्त आली.

या मंडळींनीं रंगाचें काम स्वतः करावयास घेतलें तें मुख्यतः खर्चासाठीं. परंतु करतां करतां त्यांस कळून आलें कीं, येथें पूर्वींचें शहाणपण जसेंच्या तसें उपयोगीं पडत नाहीं. सामग्री बदलली कीं रंगाचा धर्म बदलतो. सुती कापडाच्या जागीं पॉलिएस्टर आलें. तें रोगणानें आवळत नाहीं, उष्णतेनें आवळतें. म्हणून आज घरीं विमान बांधणारा मनुष्य पंखावर कापड चिकटवितो आणि घरांतली इस्त्री, तिची उष्णता नीट मोजून, त्यावरून फिरवितो. जें काम पूर्वीं रोगण करी तें आतां इस्त्री करते. परंतु उन्हापासून रक्षण करण्यास रुपेरी हात आजही द्यावा लागतो.

याहून नवलाची गोष्ट १९७५ सालीं घडली. कॅलिफोर्नियांत बर्ट रुटान यानें फेसाळ, हलक्या प्लॅस्टिकच्या गाभ्यावर कांचतंतु व राळ चढवून 'व्हेरिईझ' हें विमान केलें. साचा नको, रिव्हेट नको. घरीं बांधणारास हें वरदानच वाटलें. पण ही राळ उन्हांत तापली कीं मऊ होते. काळें किंवा गडद निळें विमान दुपारच्या उन्हांत उभें राहिलें तर त्याचा पृष्ठभाग इतका तापतो कीं, पंखाच्या बळकटीचा भरंवसा राहत नाहीं. म्हणून या जातीच्या विमानांस पांढऱ्यावांचून दुसरा रंग देऊं नये, असा दंडक पडला. एखाद्याच्या मुलीला लाल रंग आवडत असेल. तो नाकाशीं एखादी बारीक रेघ ओढून तिची समजूत घालतो. पंख पांढरेच ठेवावे लागतात.

आणि वजन. घराच्या भिंतीस एक हात जास्त दिला तर कोणाचें बिघडत नाहीं. मूर्तीवर रंगाचे चार थर अधिक चढले तरी ती जड झाली असें कोणी म्हणत नाहीं. विमानाचें तसें नाहीं. दोन आसनांच्या लहान विमानाचा सारा पृष्ठभाग चाळीस चौरस मीटर धरूं. त्यावर वाळल्यावर मिलिमीटरचा दहावा हिस्सा जाडीचा थर बसला, तर तो चार लिटर घन पदार्थ झाला. म्हणजे वजन साडेपांच किलोंच्या वर. हौसेनें त्याच्या दुप्पट चढविला तर अकरा किलो. तितक्या वजनांत पंधरा लिटर पेट्रोल मावलें असतें. मोठ्यांनाही हा हिशेब चुकलेला नाहीं. अमेरिकेच्या अंतराळयानाची बाहेरची प्रचंड टांकी १९८१ च्या पहिल्या दोन उड्डाणांत पांढऱ्या रंगाची होती. १९८२ च्या तिसऱ्या उड्डाणापासून तो रंग गाळला, आणि सुमारें २७० किलो वजन वांचलें.

त्यांतही वजन कोठें पडतें याला महत्त्व आहे. पंखाच्या मागील कडेस व शेपटीवर ज्या हलत्या फळ्या असतात, त्यांच्या बिजागरीच्या मागें रंग अधिक बसला तर त्यांचा तोल जातो, आणि वेग वाढतांच त्या फडफडूं लागतात. ही फडफड कांहीं क्षणांत शेपटी मोडून टाकूं शकते. म्हणून रंग वाळल्यावर या फळ्या पुन्हां काढून तोलून पाहाव्या लागतात. किती घरगुती रंगाऱ्यांस रंग दिल्यावर तराजू काढावा लागतो?

कोकणांतल्या मनुष्यानें हें काम घेतलें तर हवेचाही विचार त्यास करावा लागेल. रोगणांतील द्रव भरभर उडून जातो तेव्हां पृष्ठभाग थंड पडतो. हवा दमट असली तर त्यावर दंव धरतें आणि रोगणावर पांढुरकी झांक येते. ती दिसण्यापुरती वाईट नसते. त्या जागीं थर कच्चा राहतो. गडबसारख्या खाडीकांठच्या गांवीं कार्तिक ते फाल्गुन हाच या कामाचा हंगाम. त्यांतही दंव उतरून ऊन स्थिरावल्यावर. पेणच्या मूर्तिकारांची लगबग ऐन पावसाळ्यांत असते, कारण भाद्रपद कोणासाठीं थांबत नाहीं. विमान बांधणारास असा मुहूर्त नाहीं, हें त्याचें भाग्य. त्यानें तें घाईनें दवडूं नये.

शेवटीं प्रकृतीचा प्रश्न. १९१६ त एक विष गेलें, पण विषें संपलीं नाहींत. धातूच्या पत्र्यावर गंज न धरावा म्हणून जें पिवळसर-हिरवें क्रोमेटचें अस्तर देतात, त्याचे कण श्वासावाटे आंत गेल्यास कर्करोगाचें भय असतें. आजचे चकचकीत, दोन डब्यांतून मिसळावयाचे रंग आयसोसायनेट नांवाच्या द्रव्यानें घट्ट होतात. त्याचा फवारा छातींत गेला तर कायमचा दमा जडूं शकतो. नाकास फडकें बांधून किंवा कोळशाच्या डबीचा मुखवटा लावून तेथें भागत नाहीं. बाहेरची स्वच्छ हवा नळीनें तोंडापर्यंत आणावी लागते. स्वतः रंग देणारा मनुष्य येथें मालकही असतो आणि कामकरीही. त्याच्या छातीची काळजी घेणारा दुसरा कोणी नसतो.

(४)

इतकें सर्व असूनही कायदा रंगास बांधणींत धरीत नाहीं. अमेरिकेंत घरच्या विमानास परवाना मिळण्यासाठीं अर्ध्याहून अधिक काम हौशी बांधणारानें स्वतः केलेलें असावें लागतें. सांगाड्यावर कापड चढविणें त्या कामांत धरतात. रंगरंगोटी धरीत नाहींत. परंतु हाच कायदा, आणि जगांतील सर्वच देशांचे कायदे, रंगानें काढलेल्या कांहीं अक्षरांवांचून विमानास जमिनीवरून उठूं देत नाहींत. तीं अक्षरें म्हणजे नोंदणीचें चिन्ह. भारतीय विमानावर तें 'व्हीटी' या दोन अक्षरांनीं सुरू होतें. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणें पंखावरचीं अक्षरें निदान ५० सेंटिमीटर उंच असावीं, धडावरचीं ३०. पाठीमागच्या रंगावर तीं स्पष्ट उठून दिसावीं. आणि त्यांस कोणताही अलंकार नसावा. बाकी साऱ्या रंगांत हौसेस जागा आहे, या अक्षरांत नाहीं.

या अक्षरांचें मोल काय, हें आपल्याच प्रांतांतील दोन उदाहरणांवरून दिसून येतें. मुंबईच्या शिवकर बापूजी तळपदे यांनीं १८९५ सालीं चौपाटीवर 'मरुत्सखा' नांवाचें मनुष्यविरहित विमान उडविलें, अशी कथा आपल्याकडे अभिमानानें सांगितली जाते. तळपदे हे खरे गृहस्थ होते, विमानविद्येचा त्यांस ध्यास होता, यांत शंका नाहीं. परंतु त्या यंत्राचा एक तुकडा, त्याच्या कापडाची एक चिंधी, एखादें विश्वसनीय छायाचित्र, त्याच्या रंगाचें कोणी पाहणारानें केलेलें वर्णन, यांपैकीं कांहींही इतिहासापुढें ठेवतां येत नाहीं. वैमानिक शास्त्राचा म्हणून जो संस्कृत ग्रंथ या संदर्भांत पुढें करण्यांत येतो, त्याची तपासणी बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील पांच अभ्यासकांनीं १९७४ सालीं केली. तो विसाव्या शतकाच्या आरंभींचा असून त्यांतील यंत्रें उडण्यास असमर्थ आहेत, असा त्यांनीं निष्कर्ष काढला. त्यामुळें तळपद्यांचा ध्यास खोटा ठरत नाहीं. उड्डाण मात्र पुराव्यावांचून राहतें, आणि हें दुःख अभिमानानें भरून निघण्यासारखें नाहीं.

दुसरें उदाहरण आपल्या काळांतलें. कॅप्टन अमोल यादव हे व्यवसायानें वैमानिक. मुंबईस कांदिवलीच्या चारकोप भागांत त्यांच्या कुटुंबाच्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनीं सहा आसनांचें विमान बांधलें. त्यापूर्वींचे त्यांचे दोन प्रयत्न तडीस गेले नव्हते. गच्चीवर विमान बांधावयाचें म्हणजे सामान जिन्यानें वर न्यावयाचें, पावसापासून झांकावयाचें, आणि शेजाऱ्यांच्या नजरा सोसावयाच्या. फेब्रुवारी २०१६ मध्यें त्याचे भाग सुटे करून यारीनें खालीं उतरविले आणि वांद्रे येथील 'मेक इन इंडिया' प्रदर्शनाच्या वेळीं तें लोकांपुढें आलें. त्यानंतर सुरू झाली ती कागदांची लढाई. अखेर नोव्हेंबर २०१७ मध्यें त्यास नोंदणी मिळाली: 'व्हीटी-एनएमडी'. शेवटचीं तीन अक्षरें पंतप्रधान नरेंद्र मोदी व तेव्हांचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या नांवांवरून घेतलेलीं, हें प्रसिद्धच आहे. पुढें २०२० सालीं धुळ्याच्या धांवपट्टीवर त्याच्या चांचणी-उड्डाणांच्या बातम्या आल्या.

या विमानाचा धंदा पुढें किती चालेल हा प्रश्न निराळा; त्याचा निकाल काळ लावील. इतिहासकाराच्या दृष्टीनें मोठा फरक घडला तो त्या अक्षरांनीं. गच्चीवर असतां तें एका घराचें वेड होतें. अक्षरें उमटल्यावर तें देशाच्या नोंदवहींतलें विमान झालें. तें पडलें तर कोणाचें पडलें, उडालें तर कोणाचें उडालें, हें शंभर वर्षांनीं पाहणारासही सांगतां येईल. 'मरुत्सखा'ला हें भाग्य लाभलें नाहीं.

(५)

पुन्हां गडबच्या रस्त्यावर येऊं. श्रावणांत येथून जाणाऱ्या टेंपोंतून कागदांत गुंडाळलेल्या मूर्ति मुंबईकडे व कोकणाकडे जातात. ज्याच्या हातानें त्यांचे डोळे आंखले गेले, त्याचें नांव मूर्तीवर नसतें. आणि दीड दिवसांनीं किंवा दहा दिवसांनीं तो रंग पाण्यांत उतरणार, हें त्याला ठाऊक असतें. तरी त्याची रेघ चुकत नाहीं. घरीं विमान बांधणारानें या कारागिरापासून हात स्थिर ठेवण्याची विद्या घ्यावी, कारण ती पुस्तकांत मिळत नाहीं. परंतु दोघांच्या कामांत एक अंतर आहे, तें त्यानें विसरूं नये. मूर्तीचा रंग विसर्जनासाठीं आहे. विमानाचा रंग परत येण्यासाठीं आहे. आणि त्या रंगाखालीं जो मनुष्य बसावयाचा, तो बहुधा रंग देणारा स्वतःच असतो.

म्हणून अशा मनुष्यास सांगावेंसें वाटतें तें इतकेंच: कांचकागद कंटाळा येईपर्यंत नव्हे, गरज संपेपर्यंत फिरवावा, थर बेताचा ठेवावा, छाती जपावी, हवा पाहून कुंचला उचलावा, रंग वाळल्यावर तराजू काढण्यास लाजूं नये, आणि शेवटीं, मनाची हौस बाजूस ठेवून, तीं पांच अक्षरें सरळ, मोठीं व निरलंकार काढावीं.